आकड्यातला दोरा

सगळ्यात मोठ्या पुराच्या आकड्यातलं एक शून्य मी गाळलं. पाच लाखांचे पन्नास हजार केले. त्या आकड्यावरून पूररेषा ठरणार होती. म्हणजे नदीकाठचं कोणतं गाव हलवायचं आणि कोणाला ‘खुशाल राहा’ म्हणायचं, ते.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका धरण-कचेरीत मी कागदावर प्रोग्राम लिहायचो. पंचिंगच्या बाई मशीनवर भोकं पाडून त्याची कार्डं पंच करायच्या आणि कार्डांची पेटी रेल्वेनं पुण्याच्या कॉम्प्युटरकडे जायची.

बाई विणकरांच्या घरातल्या. घरी तेलुगू, कचेरीत मराठी. माझा कागद हातात आला की शून्यांच्या रांगेवर पेन्सिल ठेवून विचारायच्या, “दोरा कुटंय, साहेब?” त्यांच्याकडे मागावरच्या ताण्याचे, म्हणजे उभे धागे मोजताना दर शंभरावर लाल दोरा बांधत. तसंच आकड्यात हजारावर, लाखावर जागा सोडा, हा त्यांचा हट्ट. स्वल्पविराम दिला तर मशीन अडायचं. मोकळी जागा मात्र ते बघतच नसे.

“मशीनला जागा दिसत नाही, बाई,” मी कॉलेजातली अक्कल पाजळायचो.

“मशीनला न्हाय हो. तुमाला दिसावी म्हनून.”

तर त्या दिवशी पेटी सकाळच्या गाडीनं गेली आणि दुपारी डबा खाताना, आकडा जिच्यावरून उतरवला ती इंजिनिअरसाहेबांची चिठ्ठी हाती लागली: 5,00,000. माझ्या नकलेवर: 50000. बोट ठेवून शून्यं मोजली. पुन्हा मोजली. डबा तसाच झाकला.

सायकल काढून स्टेशनावर गेलो. कशासाठी, देव जाणे. गाडी तोवर पुण्याच्या वाटेवरच्या जेऊरच्याही पुढं गेलेली. रिकाम्या रुळांवर मला पाणी दिसू लागलं. छपरांवर माणसं, आणि सगळी माझंच नाव घेतायत.

परत येऊन बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी खण उघडून एक कार्ड काढलं.

“हे पेटीत घातलंच न्हाय. जागा सोडून पंच केलं, तवा दिसलं, पन्नास हजार. गेल्या म्हैन्यात साधा पूर दोन लाखाचा पंच केला होता मी. मग सगळ्यात मोठा त्याहून ल्हान कसा? इंजिनिअरसाहेबांना विचारून दुसरं घातलं. तुमाला डबा झाल्यावर सांगनार, तर तुमी सायकल घेऊन पळालात की.”

कार्ड त्यांनी माझ्यापुढं ठेवलं.

“बहीन दिलीय त्या काठाला,” त्या म्हणाल्या. “पानी प्या.”

त्यानंतर मी दुधाच्या हिशेबातही जागा सोडू लागलो.

बाई गेल्याचं मला फार उशिरा कळलं. घरी गेलो तर त्यांची सून ताणा मोजत बसलेली. शंभरावर लाल दोरा. मी घसा खाकरून म्हणालो, “मी बाईंच्या कचेरीतला...”

बोटाखालचा धागा न सोडता तिनं मला खालीवर पाहिलं.

“व्हय, सासूबाई सांगायच्या की. शून्य खाल्लेले ते तुमीच न्हवं?”