नऊ दिवस न सुटलेला कौल

हा अनुभव लिहावा की नाही, यावर मी बरेच दिवस अडून बसले होते. यात मी भाविक कमी आणि लबाड जास्त दिसते. पण कृपा झाली ती त्या लबाडीच्या मधोमधच झाली. तेवढा भाग गाळून सांगायचं म्हणजे देवाशी दुसऱ्यांदा खोटं बोलल्यासारखं होईल, म्हणून सगळं सांगते.

आम्ही टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी मुलगी सई. दोन वर्षांपूर्वी माझे यजमान ऑफिसच्या कामासाठी दोन दिवसांची बॅग घेऊन बाहेर पडले आणि तिकडेच हॉटेलात हृदयविकाराने गेले. बॅग तेवढी परत आली. तेव्हापासून घरात कुणी बॅग भरायला काढली की मी त्या खोलीतून बाहेर पडते. सई तेव्हा नुकतीच कॉलेजला लागली होती. तिचं ते सबंध वर्ष वाया गेलं. वर्गात जायची, बसायची आणि एक अक्षर न लिहिता परत यायची. हळूहळू सावरली. या वर्षी युनिव्हर्सिटीकडून एक सेमिस्टर जपानला जाऊन शिकायची संधी तिला मिळाली. भूकंपात इमारती उभ्या कशा राहतात, ते तिला शिकायचं होतं. "आई, बाबा गेल्यापासून धिस इज द फर्स्ट थिंग आय ॲक्च्युअली वाँट," ती म्हणाली. मी तोंडाने "अरे वा" म्हटलं आणि मनात म्हटलं, एवढं मोठं जग सोडून हिला भूकंपाच्याच घरी जायचंय!

उन्हाळ्यात सई इंटर्नशिपसाठी दूर, दुसऱ्या राज्यात बेलव्ह्यूला गेली. जाताना पासपोर्ट, फोटो आणि सही केलेला व्हिसाचा अर्ज एका पाकिटात घालून, वर कुरिअरचं छापील लेबल चिकटवून तिने ते माझ्या हाती दिलं. जपानच्या युनिव्हर्सिटीचं एक पत्र घरी यायचं होतं. ते आलं की पाकिटात सरकवायचं आणि पाकीट पाठवून द्यायचं, एवढंच माझं काम. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत ते निघालं नाही, तर व्हिसा वेळेत होणार नव्हता. पत्र बुधवारी आलं. मी घरून काम करते, दुसऱ्यांच्या अर्जांत कुठला कागद राहिलाय ते शोधायचं. त्यामुळे त्या पाकिटात आता काहीही कमी नाही, हे मला एका नजरेत कळलं. ते बंद करून मी देव्हाऱ्यात देवाच्या आसनाखाली ठेवलं आणि कौल लावला.

आमच्या सासरी, सिंधुदुर्गात, महत्त्वाचं काही ठरवायचं तर ग्रामदेवतेला कौल लावतात. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट पाहायची. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पण हे देवळात, गुरवाने, चार गावकऱ्यांसमोर करायचं असतं. मी ते इथे माझ्या किचनच्या कोपऱ्यात, इंडियन स्टोअरमधून आणलेल्या झेंडूच्या पाकळ्यांनी, वीतभर पितळी मूर्तीवर केलं. आणि आता लाज सोडून सांगते, उजवी पाकळी मी चांगली भिजवून अंगठ्याने दाबून बसवली. डावी नुसती टेकवली. सईने जाऊ नये हे मला माझ्या तोंडाने म्हणायचं नव्हतं, म्हणून ते देवाच्या तोंडून वदवून घ्यायचा माझा बेत होता.

डावी पाकळी पडली नाही. उजवीही पडली नाही. मी तासभर समोर बसले, मग कामाला लागले. संध्याकाळी बघते तर दोन्ही जागच्या जागी. सईचा फोन आला, "पाकीट गेलं ना गं?" मी म्हटलं, गेलं. कुरिअरच्या सिस्टीममध्ये दिसायला जरा वेळ लागतो, हेही आपणहून सांगितलं. "ओके, आई," ती म्हणाली.

आमच्याकडे एसी दिवसभर चालू असतो. देवाला वाहिलेलं फूल दुसऱ्या दिवशी पापडासारखं होतं. तशी बाकीची फुलं झालीही. त्या दोन पाकळ्या मात्र ओल्याच राहिल्या. तिसऱ्या दिवशी मी बोट लावून पाहिलं तर बोटाला पाणी लागलं. मी घाबरून गावी मोठ्या जाऊबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगो, कौल काय घरात लावतत? आता लावलंस तर हात लावू नको. देव देईपर्यंत थांबाचा." पाकिटाचं मी त्यांनाही सांगितलं नाही. हात लावायचा नाही म्हणजे आसनाखालचं पाकीटही काढता येणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच वाटलं.

पण त्यानंतर घर बदललं. दुसरा शब्द मला सुचत नाही. बंद घरात, फ्लोअर क्लीनरच्या वासावर चढून, ओल्या चिऱ्याचा आणि जुन्या तेलाचा वास यायला लागला. गावच्या देवळाच्या गाभाऱ्याशी येतो तसा. दुपारी लॅपटॉपसमोर बसले की पाठीमागे कुणीतरी उभं आहे, आणि त्याला घाई अजिबात नाही, असं वाटायचं. वळून पाहिलं की किचन, देव्हारा आणि त्या दोन पाकळ्या. सातव्या दिवशी देवाखालच्या कोरड्या वस्त्रावर पाण्याचा एक गोल डाग होता. मी छताकडे पाहिलं, छत ठणठणीत कोरडं. मग मात्र मी नमस्कार करायचंही टाळायला लागले. समोर जायचं धैर्यच होईना.

नववा दिवस गुरुवार. भर दुपार. आमच्याकडे गावी या वेळी बायकांना नदीकडे जाऊ देत नाहीत, का ते कुणी सांगत नाही. इथेही जुलैच्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सगळी दारं बंद, ऊन पांढरंफेक. बेल वाजली.

दारात एक पन्नाशीची बाई उभी होती. साधा निळा शर्ट, कुठल्या कंपनीचं नाव नाही. एवढ्या उन्हात तिच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. ती शांतपणे इंग्रजीत म्हणाली, "मुलीचं पाकीट न्यायला आले आहे."

मी कुणालाही बोलावलं नव्हतं. तुम्हाला कुणी पाठवलं, हे विचारायला हवं होतं. पासपोर्ट असलेलं पाकीट अनोळखी माणसाच्या हाती देणारी मी बाई नव्हे, मी तर मॉलमध्ये पर्सची चेन दोनदा तपासते. पण माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मला भीती वाटते." ती म्हणाली, "मला माहीत आहे, मॅम." आणि हात पुढे करून थांबली. ते थांबणं मी ओळखलं. नऊ दिवस माझ्या पाठीमागे तेच थांबलेलं होतं.

मी आत गेले. आसनाखालून पाकीट ओढलं तेव्हा देवाकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही. पाकीट कोरडं होतं. दोन्ही हातांनी मी ते तिला दिलं आणि आपण काय केलं हे कळायच्या आत दार लावून घेतलं. मग भानावर येऊन दार उघडलं तर रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा. गाडीचा आवाजही मी ऐकला नव्हता.

परत येऊन देव्हाऱ्यात पाहिलं. दोन्ही पाकळ्या खाली वस्त्रावर पडल्या होत्या, सुकून काळ्या पडलेल्या, नऊ दिवसांपूर्वीच गळून गेल्यासारख्या. आधी कुठली पडली, ते कुणालाच कळणार नव्हतं. मी तिथेच फरशीवर बसले आणि बऱ्याच दिवसांचं रडले.

बेलच्या कॅमेऱ्यात पाहिलं तर पाकीट पुढे करणारे माझे दोन हात दिसत होते. समोर नुसतं पांढरं ऊन. उन्हात कॅमेरे असे आंधळे होतात म्हणे. होतही असतील. कुरिअरच्या साइटवर पाकिटाची पहिली नोंद दुसऱ्या दिवशी सकाळची, ह्यूस्टनची होती. त्याआधी ते कुणी, कुठून उचललं याची नोंद नव्हती.

ती नोंद दिसल्यावर मी सईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पाकळी अंगठ्याने दाबल्याचंही. ती ओरडेल म्हणून मी तयारीत होते. ती म्हणाली, "मला माहीत होतं, आई. ट्रॅकिंगवर रोज फक्त 'लेबल क्रिएटेड' दिसत होतं. मी रोज चेक करत होते."

"मग बोलली का नाहीस? आणि त्या बाईला तूच पाठवलंस ना?"

"नाही. मी कुणालाच पाठवलं नाही, आय स्वेअर." मग म्हणाली, "मी ठरवलं होतं, फ्रायडेपर्यंत थांबायचं. तू पाठवलंस तर जायचं. नाही पाठवलंस तर तुला काहीच विचारायचं नाही, आय वुड जस्ट स्टे. बाबांना तू थांबवू शकली नाहीस. मला थांबवायचं असेल तर मी थांबेन, असं वाटलं."

मी देवासमोर हात जोडले होते आणि नऊ दिवस मूठ घट्ट आवळलेली होती. इकडे माझी वीस वर्षांची पोर, जिला आरतीची दोन कडवी धड पाठ नाहीत, तिने दोन वर्षांतली आपली एकुलती एक इच्छा न बोलता माझ्यासमोर ठेवून दिली होती. शरणागती, शरणागती म्हणून पोथीत वाचलेली गोष्ट मी त्या दिवशी फोनवर ऐकली.

व्हिसा वेळेत आला. दारात कोण आलं होतं, याचा खल मी करत नाही आणि कुणाला पटवायलाही जात नाही. माझी लबाडी ठाऊक असूनही कुणीतरी नऊ दिवस माझ्यासाठी तिष्ठत थांबलं, मला न रागावता. एवढ्यानेच मी आयुष्यभराची ऋणी आहे.

एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या रांगेपाशी सईने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "जाते मी, आई." लहानपणापासून मी तिला टोकत आले आहे, जाते म्हणू नये, येते म्हणावं. सवयीने शब्द ओठांवर आलाही. मी तो गिळला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "जा, बाळा."