अक्काची पाखरं

दाजी रिटायर झाले तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. चाकूरजवळ थोडं रान. आमच्या आईबापांचं आयुष्य दुसऱ्याच्या शेतात खुरपण्यात गेलं. पण हाती स्वतःची माती आली तेव्हा अक्काला तिच्यात पीक घ्यायचंच नव्हतं. फुलं लावायची होती, जनावरं पाळायची होती, तीही नुसती हौस म्हणून. आमच्या नात्यात हौसेपायी कुणी रान घेतल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

सुट्टी मिळाली की मी नांदेडहून तिथे जायची. फाटक वाजलं की आधी बदकं धावत यायची, मग कोंबड्या. एक टर्की दिवसभर दाजींच्या मागे हिंडायचा, ते पेपर वाचत बसले की त्यांच्या चपलांवर बसायचा. शेळ्या अक्काच्या एका हाकेवर यायच्या. ससे शेवंतीच्या वाफ्यात घुसून कळ्या खायचे. अक्का त्यांना शिव्या घालत बाहेर काढायची आणि मांडीवर घेऊन बसायची. अंडी आम्ही खायचो, पण त्या रानात कोंबडी कधी कापली गेली नाही. फारच इच्छा झाली तर दाजी चाकूरहून मटण आणायचे आणि पाखरांकडे पाठ करून जेवायचे.

मग एका हिवाळ्यात शेजारच्या गावात कावळे मरून पडू लागले. पाठोपाठ एका शेडमधल्या कोंबड्यांनी माना टाकल्या. तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि आसपासची सगळी पाळीव पाखरं मारायची असं ठरलं. आजारी असोत वा नसोत. दाजींचा फोन आला. "अक्का काही खाईना गेली. तू येऊन जा."

चाकूरला बसमधून उतरले तर दाजी स्कूटर घेऊन उभे होते. फाटकापाशी चुना टाकलेला होता. आत अक्का बदकांना भाकरी कुस्करून घालत होती. एकही पाखरू आजारी दिसत नव्हतं.

मी हळूच म्हणाले, "दोन-चार कुठंतरी लपवून ठेवू या ना."

"शेजारचा म्हणला होता, पोत्यात घालून पाहुण्याकडं नेतो म्हणून," दाजी म्हणाले. "हिनंच न्हाई म्हणलं."

अक्काने मान वर केली नाही. "गावात लेकरं हायत. एखाद्याला काही झालं तर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. नखशिखान्त पांढऱ्या कपड्यांतली माणसं उतरली. मला आणि दाजींना कुंपणाबाहेर थांबवलं, अक्का आतून हलेना. ते कपडे बघूनच पाखरं बिथरली. कोंबड्या लिंबाच्या झाडावर चढल्या, बदकं हौदाच्या मागे दडली. माणसं जाळी घेऊन मागे धावू लागली. एका बदकाचा पंख जाळीत अडकून मोडला आणि ते ओरडायला लागलं.

"थांबा!" अक्का म्हणाली. "पळवू नका त्यायला. मी बोलावते."

पथकाची प्रमुख एक तरुण डॉक्टरीण होती. ती म्हणाली, "मावशी, तुम्हाला नाही बघवणार."

"मग असं जाळ्यात धरलेलं बघवतंय का?"

मग डॉक्टरिणीने स्वतःच्या हाताने अक्काला तो पांढरा पोशाख चढवला, हातमोजे घातले, तोंडावर मास्क बांधला. आता माझी बहीणही त्या माणसांसारखीच दिसत होती. पाखरं तिच्यापासूनही लांब सरकली. तिने ताटली वाजवली आणि मास्कच्या आतून हाक घातली, "या गं, ती ती ती, या!"

कोंबड्या झाडावरून उतरल्या. बदकं हौदामागून निघाली. तिच्या पायाशी गोळा झाली. ती एकेक उचलायची, क्षणभर छातीशी धरायची आणि मागच्या माणसाच्या हातात द्यायची. मी कुंपणाची तार धरून उभी होते. दाजी आधी माझ्याजवळ होते. टर्कीची पाळी आली तसे ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाठमोरे उभे राहिले.

जेसीबीने खड्डा झेंडूच्या वाफ्यात खणला, कारण तिथेच माती मऊ होती.

गाडी गेल्यावर अक्काने अंघोळ केली. ओले केस तसेच सोडून ओट्यावर बसली. मी चहा दिला, तिने घेतला नाही. म्हणाली, "त्या कपड्यात मी वळखू येत नव्हते गं. नुसत्या आवाजावर आली."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

काही महिन्यांनी पुन्हा पाखरं पाळायची परवानगी मिळाली. दाजींनी पिलं आणू का विचारलं. ती नको म्हणाली. ससे तिने देऊन टाकले. शेळ्या राहिल्या, पण ती त्यांना हाक मारेना. जवळ जाऊन मुकाट पाला टाकायची. मग एक दिवस मला फोन केला. "मला तुझ्याकडं ने. त्या अंगणात माझ्यानं उभं राहवत न्हाई."

तेव्हापासून ती नांदेडला माझ्या घरी असते. दाजींना रान सोडवत नाही. रविवारी एसटीने येतात, पेरू, मेथी, जे असेल ते पिशवीत घेऊन. दोघं गॅलरीत बसतात. त्या दिवसाचं बोलत नाहीत, खरं तर फारसं काहीच बोलत नाहीत. संध्याकाळी दाजी एकटे परत जातात. त्यांना जाताना बघितलं की मला दर वेळी वाटतं, आता ती थांबा म्हणेल, नाहीतर मीही येते म्हणेल. ती नुसती रिकामी पिशवी घडी करून त्यांच्या हातात देते.

परवाच्या रविवारी त्यांनी सीताफळं आणली होती. खाता खाता अक्काने एकदम विचारलं, "शेळी व्याली का?"

"व्याली की. दोन पिलं हायत."

"कोणत्या रंगाची?"

दाजी सांगू लागले. एक काळं कुळकुळीत, दुसऱ्याच्या कपाळावर पांढरा ठिपका, ते अजून नीट उभं राहत नाही. अक्का हातातलं फळ तसंच धरून ऐकत होती.