आधी बासी, मग गोळी

बोरीत परखी, म्हणजे दाणे काढायची टोकदार नळी, खुपसायची, तळहातावर आलेले चार दाणे दाताखाली घ्यायचे. कट् असा आवाज आला तर धान सुका, दाणा चेपला तर ओला. मॉइश्चर मीटर आहे आणि तो मीच चालवते, पण गाडी घेऊन येणाऱ्यांचा विश्वास मीटरपेक्षा दातावर जास्त. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, बी.एस्सी. गोंदियाच्या ज्या राइस मिलमध्ये माझ्या मायनं रेजा म्हणून, मजुरीवर, टोपल्या वाहिल्या, त्याच मिलच्या गेटवर आज मी धान पास-नापास करते. हे मी मिरवते. का मिरवू नये?

मागच्या पावसाळ्यात मात्र मिरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. वेणी घालायला बसले की फणी हातात तशीच राहायची. जेवण बेचव, झोप तुटकी, आणि विचाराल तर कारण काही नाही. मीच हिंमत करून डॉक्टरकडे गेले. डॉक्टरबाईंनी नैराश्य आहे असं सांगितलं, गोळी लिहून दिली, ती कशी घ्यायची तेही सांगितलं. पण माझं अर्धं लक्ष दाराकडे. बाहेर बाकावर मिलचं कोणी बसलं नसेल ना? अख्ख्या मोहल्ल्याला औषधाची पाकिटं वाचून देणारी मी, स्वतःची चिठ्ठी न वाचताच पर्समध्ये कोंबली.

घरी मायला सांगितलं, रक्त वाढायची गोळी आहे. इथंच घोळ झाला. आमच्या घरी औषध म्हणजे कडू काढा, आणि तो अनशापोटीच घ्यायचा, नाहीतर अंगी लागत नाही, हा मायचा कायदा. मी दात घासले की माय गोळी आणि पाण्याचा गिलास घेऊन समोर उभी.

"घे. मंग चहा."

अर्ध्या तासात पोटात ढवळायला लागायचं. त्यातच मी मिलमध्ये पोचायची. आमची मिल उसना तांदूळ करते, म्हणजे धान हौदात भिजवून वाफेवर शिजवतात. भिजल्या धानाचा तो आंबूस वास लहानपणी मला फार आवडायचा, कारण तो आला म्हणजे माय घरी आली. आता त्याच वासानं तोंडाला पाणी सुटायचं, आणि ते भुकेचं नसायचं.

धानाचा हंगाम लागला आणि दुसऱ्याच आठवड्यात देवरीकडची एक गाडी आली. दाणे दाताखाली घेतले, आणि ते फोडायच्या आधीच मी कोंड्याच्या ढिगामागं पळाले. ओकून परत आले तर मिलचा मुकादम बोरीवर कोपर टेकून उभा.

"का जी मॅडम, बीएस्सीले आमचा धान पचून नाई राहिला का?"

हमाल हसले. मी म्हटलं, "धान चांगला आहे जी. तुमची बोरी वास मारून राहिली." हशा झाला, पण त्या गाडीचा निकाल मुकादमाच्या दातानं दिला, माझ्या नाही. संध्याकाळी शेठनं केबिनमध्ये बोलावलं.

"तबियत ठीक नहीं है तो अंदर बिल बनाओ, मॅडम. गेट मुकादम देख लेगा."

प्रेमानं म्हणाले, म्हणूनच जास्त लागलं. मी आठ दिवस मागून घेतले. गोळी की गेट असा प्रश्न स्वतःच मांडला आणि स्वतःच उत्तर दिलं: गेट. दुसऱ्या दिवसापासून मायसमोर गोळी जिभेखाली धरायची आणि मोरीत थुंकायची.

मळमळ थांबली. पण तिसऱ्या दिवशी उठताना डोकं गरगरलं, आणि चहात साखर कमी पडली म्हणून मला रडू आलं. माय मोरी धुवायला गेली तर जाळीवर पांढरी गोळी.

"रक्ताची गोळी थुंकून राहिली? काऊन वो?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "रक्ताची नाई, माय. मनाची आहे. डोक्याच्या डॉक्टरनं देल्ली."

माय पाटावर बसली. मी रडण्याची तयारी ठेवली होती, माझ्या नाहीतर तिच्या. ती म्हणाली, "तं मनाची गोळी उपाशी पोटाले कायले खाऊन राहिली होती?"

"तूच तं देऊन राहिली होती!"

"तू लबाड बोलली म्हणून देल्ली. शिकली कोण? तू का मी?"

मग तिनं मिलची गोष्ट सांगितली. तिच्या वेळी धान शिजवायच्या भट्टीकडं जाणाऱ्या रेजा गेटवर एकमेकींना विचारायच्या, "बासी खाल्ली का वो?" जी खाऊन आली नसेल तिला भट्टीजवळ जाऊच द्यायच्या नाहीत. उपाशी बाई त्या वासात ओकतेच, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी मीठ-कांद्याशी खातात तो. कॉलेजात गेल्यापासून मी तो सोडला होता. डिग्रीवाल्या पोरीनं बासी खायची?

डॉक्टरबाईंना फोन केला. त्या रागावल्या, आणि बरोबर रागावल्या. "खाल्ल्यानंतर घ्या असं चिठ्ठीवर लिहिलंय. आणि मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही." चिठ्ठी काढून पाहिली. स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं.

त्यांच्या सांगण्यावरून गोळी पुन्हा सुरू केली. आधी वाटीभर बासी, मग गोळी. ओढणीच्या टोकात मुरमुरे बांधलेले, पोट ढवळलं की चार तोंडात. पहिले दोन दिवस तरीही ढवळलं. मी भट्टीपासून लांब उभी राहिले, पण गेट सोडलं नाही. मग रोज थोडं थोडं कमी होत गेलं.

आठव्या दिवशी तिरोड्याची गाडी लागली. शेठ काचेतून बघत होते. मी दाणा फोडायला गेले, तो चेपला. मीटर लावला. "नापास. वाळवून आणा."

मुकादमानं स्वतः दोन दाणे चावून पाहिले. मग गाडीवाल्याकडं वळून म्हणाला, "ओलाच आहे जी. मॅडम खोटं नाई बोलत." बिलाची गोष्ट शेठनं पुन्हा काढली नाही.

फणीही आता हातात अडकत नाही. मायच्या सोबतची एक जुनी रेजा अजून मिलमध्ये आहे. मायनं तिला काय सांगितलं देव जाणे, ती रोज गेटवर मला अडवते.

"बासी खाल्ली का वो मॅडम?"

"खाल्ली. गोळीबी घेतली."

"कायची गोळी?"

आजूबाजूला हमाल असतात, मुकादम असतो. मी आवाज कमी करत नाही.

"मनाची, मावशी," म्हणते, आणि परखी उचलते.