कोरं तेल

माझा नवरा कट्टर शाकाहारी. ज्या तेलात मासा पडला, त्यात तळलेला बटाटाही त्याला चालत नसे. मी मालवणची, पण डब्लिनमधल्या त्या जुन्या जपानी टेंपुराच्या हॉटेलात गेलो की कोळंबीचं नाव काढायची नाही. काउंटरपलीकडे उभं राहून तळणारे आजोबा आम्ही आयर्लंडला येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे होते. नवऱ्याची अडचण ऐकून त्यांनीच तोड काढली होती: हॉटेल उघडताच या, तेव्हा तेल कोरं असतं. म्हणून दर वेळी पहिलं गिऱ्हाईक आम्हीच. भोपळा, वांगं, कमळकाकडी, एकेक तुकडा तळून लगेच समोर येई. "भजीच ही, फक्त इस्त्री केलेली," असं म्हणत नवरा माझ्याही वाट्याची खायचा.

तो अचानक गेला, हार्ट अटॅकने. त्याला वर्ष झालं तरी मी रडले नव्हते. कोणी कशी आहेस विचारलं की इथल्या लोकांसारखं "ग्रँड", म्हणजे मजेत, म्हणायचं, डबा भरायचा आणि कामावर जायचं. जेवताना चव म्हणून लागत नव्हती, नुसतं पोटात ढकलत होते. वर्षश्राद्ध तिकडे पुण्याला दिरांनी केलं. त्या संध्याकाळी मी टॅलाच्या घरून ट्राम पकडून, तो गेल्यापासून पहिल्यांदाच, एकटीच त्या हॉटेलात गेले, तीही मुद्दाम उशिरा. आता कोऱ्या तेलाचं कोणाला पडलं होतं? म्हटलं, कोळंबी खाऊ आणि बघू काही वाटतंय का.

काउंटर भरलेलं होतं. आजोबांनी मला पाहून मान लववली आणि कढईखालची आच बंद केली. होतं ते तेल काढलं, कढई पुसली आणि नवं तेल ओतलं. बाकीची माणसं रिकाम्या ताटल्यांपुढे बघत बसली.

"आज उशीर झाला तुम्हाला," आजोबा मला म्हणाले. "ते गाडी लावतायत ना? ग्रँड, थांबू या."

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. त्याऐवजी मी वळून दाराकडे बघितलं. खरंच बघितलं, वेड्यासारखं. दारात कोणी नव्हतं आणि तेल तापत आलं होतं.

"तो येणार नाही," मी म्हणाले. "गेल्या वर्षी वारला."

आजोबांनी हातातल्या तळायच्या काड्या खाली ठेवल्या. सॉरी म्हणाले नाहीत ते बरंच झालं, त्या शब्दाचा मला वीट आला होता. मग त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हाला काय तळू?"

"कोळंबी."

त्या कोऱ्या तेलात त्यांनी पहिली कोळंबी सोडली आणि तळून माझ्यापुढे ठेवली. मी मीठ लावून खाल्ली. चांगली होती, फारच चांगली होती. तो नसताना मला काहीतरी चांगलं लागलं, हेच सहन झालं नाही. तोंडात घास असतानाच मला रडू फुटलं.