घारपुऱ्यांनी लावलेलं दार

घारपुरे कर्वे रस्ता ओलांडताना माझ्या शर्टाची बाही धरायचे. साठी उलटलेला, उंचापुरा, पल्लेदार आवाजाचा माणूस. पण समोरून सहाआसनी रिक्षा येताना दिसली की बाही अशी आवळायचे की एकदा शिवण उसवली. मी हसलो तर म्हणाले, "हसा. इतिहासात असे हसणारे पुष्कळ होऊन गेले. एकाचंही नाव उरलेलं नाही."

गंमत अशी की आम्ही तो रस्ता बहुतेक वेळा त्यांच्या व्याख्यानाला जाण्यासाठीच ओलांडायचो, आणि व्याख्यानाचा विषय असायचा शौर्य. गणपतीत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, महिला मंडळांत, पतपेढ्यांच्या वर्धापनदिनी घारपुरे उभे राहायचे आणि पहिल्या वाक्याला मागच्या रांगेतल्या गप्पा बंद पडायच्या. किल्ल्याच्या दरवाजात एकटा उभा राहिलेला शिलेदार ते असा उभा करायचे की लहान मुलं आईला बिलगायची. परतताना कोपऱ्यावर कुत्रं दिसलं की हेच गृहस्थ माझ्या पाठीमागे यायचे. "अहो, ते काही करत नाही," मी म्हणायचो. "तुमची हमी नको, त्याची असेल तर सांगा," असं त्यांचं उत्तर ठरलेलं.

आम्ही कोथरूडला एकाच मजल्यावर, समोरासमोर राहायचो. घारपुरे एका इंजिनिअरिंग कंपनीत स्टोअर सांभाळायचे. नव्वदच्या दशकात कंपनीत परदेशी भागीदार आला, मागोमाग संगणक आले, आणि घारपुऱ्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती माझी," ते सांगायचे. त्याच संगणकाच्या जोरावर त्यांचा मुलगा निखिल पुढे अमेरिकेत गेला, याचा त्यांना अभिमान होता की राग, ते मला कधी नीट कळलं नाही.

नंतर एका आयटी कंपनीनंही त्यांना बोलावलं. काचेच्या इमारतीत एक मुलगी आम्हाला न्यायला आली आणि म्हणाली, "सर, ट्वेंटी मिनिट्समध्ये बसवा हं. आणि प्लीज, एंड पॉझिटिव्ह करा. लास्ट टाइमचे स्पीकर फारच सॅड होते." घारपुरे गंभीरपणे म्हणाले, "बाई, माझ्या व्याख्यानात शेवटी सगळे मरतात. पण अत्यंत पॉझिटिव्ह मरतात." ते तासभर बोलले. पोरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. खाली उतरताना सरकत्या जिन्यावर पाय ठेवायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी साधा जिना कुठे आहे ते विचारून घेतलं.

सिंधूवहिनी, त्यांच्या पत्नी, या व्याख्यानांना कधी यायच्या नाहीत. "मला घरीच बघायला मिळतो की शूर पुरुष," त्या म्हणायच्या. "पाल दिसली की कॉटवर चढतो." ते खरंच होतं. रक्त पाहिलं की त्यांना घेरी यायची. दाढ काढायला गेले होते तेव्हा खुर्चीतून उठून परत आले होते.

वहिनींना फुप्फुसांचा आजार झाला. फुप्फुसं हळूहळू कडक होत जातात आणि त्यावर फारसा इलाज नसतो. दिवाणखान्यात ऑक्सिजनचं यंत्र आलं आणि त्याची घरघर आमच्या घरापर्यंत ऐकू यायला लागली. एकदा त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. घशातली नळी त्या ओढून काढतात म्हणून तिथे त्यांचे हात पलंगाला बांधले होते. त्या परत आल्या, पण अर्ध्याच.

नंतर एका दुपारी मी चहाला बसलो असताना त्या थांबत थांबत म्हणाल्या, "भावजी, तुम्ही साक्षीदार. यांना सांगतेय. मला पुन्हा तिथे न्यायचं नाही. हात बांधतात हो तिथं."

"नाही नेणार," घारपुरे बशीकडे बघत म्हणाले.

"बोलायला तुम्हाला छान येतं," वहिनी म्हणाल्या. "ते निभवा."

ती वेळ एका रविवारी सकाळी आली. वहिनींचा श्वास पुरेना. मी धावत गेलो तर टेबलावरच्या संगणकाच्या पडद्यावर निखिल होता, आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कुलकर्णी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करून मोकळे झाले होते. नेहमीच्या डॉक्टरांचं फोनवर म्हणणं होतं, दवाखान्यात न्यायचं तर आत्ता न्या. घरीच ठेवणार असाल तर मी येतो, त्रास कमी होईल असं औषध देतो. पण काय ते तुम्ही ठरवा. घारपुरे वहिनींच्या उशाशी बसून होते.

"बाबा, कसला विचार करताय?" निखिल पडद्यावरून बोलत होता. "तिला फाइट तर करू द्या. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला, शेवटपर्यंत झुंजायचं म्हणून?"

तेवढ्यात जिन्यात स्ट्रेचरचा आवाज आला. घारपुरे उठले आणि दारात जाऊन उभे राहिले. दोन्ही हात चौकटीवर ठेवले होते. त्यांचा पायजमा हलताना दिसत होता. व्याख्यानातला आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. अगदी बारीक आवाजात ते म्हणाले, "ती येणार नाही. आपण जा."

"अहो घारपुरे, उद्या लोक आपल्याला विचारतील," कुलकर्णी म्हणाले.

"विचारू द्या."

त्याच वेळी आतून वहिनींनी हात उचलला. डोळे मोठे झाले होते, मास्कखाली ओठ हलत होते, आणि बोट सरळ दाराकडे होतं. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. घारपुऱ्यांनीही मान वळवून पाहिलं. ते क्षणभर तसेच थांबले, मग त्यांनी दार लावून घेतलं.

जवळ जाऊन त्यांनी विचारलं, "काय गं? काय म्हणालीस?" पण वहिनींना पुन्हा बोलता आलं नाही. डॉक्टर आले, त्यांनी औषध दिलं. संध्याकाळी वहिनी गेल्या. घारपुरे शेवटपर्यंत त्यांचा हात हातात धरून होते आणि मी तिथे खांबासारखा उभा होतो. माझ्या हातून दुसरं काहीच होण्यासारखं नव्हतं.

निखिल आला, त्यानं सगळं केलं आणि परत गेला. बापलेकांत भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मला वाटायचं. फोन यायचा, जेवलात का, औषधं घेतलीत का, एवढ्यावर संपायचा.

घारपुऱ्यांनी व्याख्यानं थांबवली. मंडळाचे कार्यकर्ते आले, सर, यंदाही शौर्यावरच बोला म्हणाले. त्यांनी सांगितलं, "बोलणाऱ्याला विषय माहीत असावा लागतो." पोरांना तो विनय वाटला. पोरं पुन्हा आली, तर घारपुऱ्यांनी दारच उघडलं नाही.

मला मात्र ते विचारायचे. संध्याकाळी फिरताना मध्येच थांबून म्हणायचे, "सावंत, तुम्ही होतात. तिनं दाराकडे बोट केलं, ते काय होतं? दार लावा म्हणत होती, की मला न्या म्हणत होती?"

पहिल्या वेळी मी म्हणालो, "दार लावा म्हणत होत्या."

"ऐकू आलं तुम्हाला?"

"नाही."

"मग सांगू नका. धीर द्यायला तुम्ही बरे आहात, साक्षीदार म्हणून अगदीच कच्चे." थोडं चालून गेल्यावर ते म्हणाले, "इतकी वर्षं लोकांना सांगत आलो की शूर माणसाला आतून ठाऊक असतं, आपण बरोबर आहोत ते. कुठे वाचलं होतं, आठवत नाही. मीच ठोकून दिलं असेल."

पुढची काही वर्षं ते असे विचारत राहिले. मी दर वेळी माहीत नाही म्हणायचो आणि ते मान हलवायचे. लोक त्यांना सांगायचे, वहिनी सुटल्या, तुम्ही योग्य तेच केलंत. घारपुरे ते ऐकून घ्यायचे, पण मनावर घ्यायचे नाहीत. इतका भित्रा माणूस, पण या एका बाबतीत खोटा आधार त्यांनी कुणाकडून घेतला नाही. मला त्यांची दया यायची आणि धाकही वाटायचा.

घारपुरे झोपेतच गेले. निखिल पुन्हा आला. दिवसकार्य झाल्यावर घर आवरायला मी त्याच्या मदतीला गेलो होतो. पुस्तकं बांधता बांधता तो थांबला.

"काका, एक विचारू? आई गेली त्या दिवशी मला स्क्रीनवर फक्त तिचा हात दिसला. ती दाराकडे बोट दाखवून काय म्हणत होती?"

"माहीत नाही रे."

"बाबांना विचारायचं होतं. धीर नाही झाला. त्यांनी इतक्या ठामपणे दार लावलं, म्हटलं त्यांना ऐकू आलं असणार."

"त्यांना ऐकू आलं नव्हतं," मी म्हणालो. "शेवटपर्यंत मला तेच विचारत होते."

निखिल तिथेच पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसला. "त्यांना माहीत नव्हतं?" त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. थोड्या वेळानं त्यानं तेच पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा नाही म्हणालो.