आभाळाच्या भरवशावरचं इंटरनेट

किस्से जमवावे लागत नाहीत हो. नाशिकमध्ये गच्चीवरून गच्चीवर बिनतारी इंटरनेट द्यायचा धंदा करा, दर मोसमात नवे किस्से घरपोच येतात. वर शिव्या फुकट!

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक शेखभाई, ट्रान्सपोर्टवाले. द्वारका चौकाच्या अलीकडे त्यांचं ऑफिस, पलीकडे मालाच्या बुकिंगची खोली, तिथे त्यांचा माणूस सलीम बसतो. मध्ये केबल टाकायची परवानगी मिळेना. आमचे देशमुख साहेब म्हणाले, "लेझर लावू. डेटा प्रकाशाच्या वेगानं जाईल!"

डिसेंबरात धुकं पडलं. समोरची बिल्डिंग आम्हालाच दिसेना, तर लेझरला कुठून दिसणार? शेखभाईंचा फोन आला, "साहब, प्रकाश पोचला नाय अजून. धुकं जाईपर्यंत ट्रक रोकून ठेवू काय?"

*

मग लेझरऐवजी मिलिमीटर-वेव्हचा रेडिओ बसवला, म्हणजे प्रकाशाऐवजी रेडिओलहरींवर डेटा नेणारं यंत्र. धुक्याला तो जुमानत नाही. फक्त मुसळधार पाऊस आला की मान टाकतो. जुलैत टाकलीच.

शेखभाई म्हणाले, "थंडीचं वेगळं, बारिशचं वेगळं. तुम्ही इंटरनेट विकता की स्वेटर-छत्री?"

*

शेवटी दोन्ही लावले. एक पडलं की दुसरं आपोआप चालू. तरी पहिल्याच सरीत दोन्ही बंद!

मी भिजत गच्चीवर गेलो. दोन्ही यंत्रांवर निळी ताडपत्री, सुतळीनं घट्ट बांधलेली. मागून शेखभाई अभिमानानं म्हणाले, "महागाची चीज आहे. भिजू नये म्हणून मीच झाकली!"

कपाळावर हात मारायला माझे हातही कोरडे नव्हते.

*

ताडपत्री निघाली, तरी फार जोराच्या पावसात रेडिओबरोबर लेझरही अडायचा. मग साहेबांनी मोबाइलवर ॲप करवून घेतलं. लिंक चालू असली की हिरवा दिवा, तुटली की लाल. एकदा दिवसभर पाऊस आणि दिवसभर हिरवा! साहेबांनी खुशीत भजी मागवली. पाऊस थांबला, लिंक परत जुळली आणि लाल दिवे धडाधड लागले. लिंक तुटल्याची खबर त्याच लिंकवरून यायची! "हे आधी बदला," असं मी सांगून दमलो. साहेब म्हणायचे, "बघू."

*

यंदा शेखभाईंचा करार संपला. ते गेले असते तर आमच्या पगाराचं कठीण होतं. साहेब मुद्दाम भर पावसात मला घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले. मोबाइल पुढे धरला. "बघा, हिरवा! एवढ्या पावसात!"

शेखभाईंनी सहीसाठी पेन उघडलं आणि सहज खिडकीबाहेर पाहिलं. चौकापलीकडे बुकिंगच्या खिडकीतून सलीम जीव खाऊन लाल टॉवेल हलवत होता.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"तुमची लिंक पडली की टॉवेल हलवायचा, असं ठरलंय आमचं." शेखभाईंनी पेनाला टोपण लावलं. "ह्या बारिशमध्ये पण साफ दिसतोय. आता बोला साहब, कॉन्ट्रॅक्ट कोणाला देऊ?"