दोन्या निकोलासांचा पाचवा हंगाम

१२ जानेवारी १९९६ रोजी आमच्या मेसा प्रिएता वाळवंट उद्यानाच्या कचेरीने पक्षीमोजणीसाठी १,४९६ पेसो मंजूर केले. मंजुरीचा कागद मीच टाइप केला होता. चार हंगाम, दर हंगामात सतरा दिवस, दिवसाला बावीस पेसो. मोजणार होत्या लास नोरियास गावच्या निकोलासा सेलाया; आदराने सगळे त्यांना दोन्या, म्हणजे बाई, म्हणत. त्या दोन यत्ता शिकलेल्या होत्या आणि हे कोणी विसरलेलं त्यांना खपत नसे, म्हणून मी पुढे केलेली शाईची गादी बाजूला सारून त्यांनी लेखणी मागितली. सही झाल्यावर कागद उलटून मागची कोरी बाजू नीट पाहिली.

"पाचव्याचे कुठं आहेत?"

मी म्हणालो, हंगाम चारच आहेत.

"कोन्तादोर, तुम्ही या कचेरीत किती वर्षं आहात?" हिशेबनिसाला इकडे नावाने कोणी हाक मारत नाही.

"सतरा."

"मग मे-जूनमध्ये कुणाच्या गावाला जाता?"

मी हसलो होतो. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

सीमेलगतच्या सोनोरा राज्याच्या या भागात शेंबडं पोरही पाच हंगाम जाणतं. थंडीतला भुरभुर पाऊस, मग फुलांचे दिवस, मग मे-जूनचा कोरडा हंगाम, मग जुलैपासूनचा गडगडाटी पाऊस, आणि शेवटी शरद. कोरड्या हंगामात दोन महिने आभाळातून थेंब पडत नाही. नेमक्या त्याच दिवसांत साग्वारो आणि पिताया हे निवडुंग फळतात, आणि त्या फळांवर दक्षिणेकडून पंखांना पांढरी किनार असलेले पारवे उतरतात. त्यांना आम्ही पितायेरा म्हणतो. हे मला ठाऊक होतं. पण छापील तक्त्याला चार रकाने होते, आणि वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाला रकान्याबाहेरची गोष्ट दिसेनाशी होते.

दोन्या निकोलासा तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. नवरा खाणीत गेला, मुलगा सीमेपलीकडे गेला, आणि त्या लांब काठीने पिताया काढून काबोर्काच्या रस्त्यावर विकत राहिल्या. चोच लागलेलं फळ त्या काढत नसत. "ते दुसऱ्याचं ताट आहे," म्हणत. मोजायला त्यांना बापाने शिकवलं. बाप मोठ्या गोठ्यावर गुरं मोजायचा. गुरांमागे धावायचं नाही, पाण्याशी बसायचं, या मुलखात प्रत्येकाला पाण्यावर यावंच लागतं, हे त्याचं शास्त्र. तेच त्यांनी पाखरांना लावलं. उजाडायच्या आधी उद्यानाच्या कडेच्या तळ्यावर जाऊन बसायचं, मांडीत दोन भोपळे, एकात घेवड्याचे दाणे. दहा पाखरं उतरली की एक दाणा या भोपळ्यातून त्या भोपळ्यात. ऊन चढलं की दाणे मोजायचे.

त्या वर्षी त्यांनी आणलेले आकडे मी अजून जपून ठेवले आहेत. थंडीत तळ्यावर बदकं आणि चिमण्यांसारख्या करड्या पाखरांचे मोठे थवे. फेब्रुवारीअखेर हमिंगबर्ड. मार्चमध्ये गिधाडं परत. मात्राका, निवडुंगात घरटं करणारी आणि बिघडलेल्या इंजिनासारखा आवाज काढणारी चिमणी, ती बाराही महिने. लावे बाराही महिने, पण पिल्लं एप्रिलनंतर. रातवे पावसाआधी. आणि पितायेरा: मार्चमध्ये शून्य, जूनमध्ये सकाळी सरासरी ४,१२०, ऑगस्टमध्ये सरासरी ८८०, पंधरा सप्टेंबरनंतर पुन्हा शून्य. जूनचे सतरा दिवस मंजुरीत नव्हते. त्यांनी सांगून ठेवलं की आत्ता मोजते, पैसे कागद सुधाराल तेव्हा द्या.

आमचे प्रमुख इंजिनिअर वाल्देमार ग्रिहाल्वा. वरच्या खात्याने पर्यटकांसाठी पक्ष्यांची यादी मागवली होती. कोणता पक्षी कोणत्या हंगामात किती, त्याच्या चार पायऱ्या: विपुल, नेहमीचा, तुरळक, दुर्मीळ. रोज दोन हजारांवर दिसला तर विपुल. खात्याच्या तक्त्यात उन्हाळा म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट. ग्रिहाल्वांनी दोन्या निकोलासांची पानं माझ्याकडे दिली आणि म्हणाले, बसवा.

मी बसवली. जुलैत मोजणी नव्हती. जूनचे ४,१२० आणि ऑगस्टचे ८८०, बेरीज पाच हजार, भागिले दोन, अडीच हजार. पितायेरा, उन्हाळा: विपुल. इतका स्वच्छ आकडा आला की मी खाली दुहेरी रेघ मारली.

डिसेंबरात त्यांनी तो तक्ता पाहिला. बोट ठेवून वाचला, दोनदा. मग जे बोलल्या ते सगळी कचेरी ऐकत होती.

"एका घरी लग्न आहे, एका घरी मयत. तुम्ही दोन्हींची सरासरी काढलीत कोन्तादोर, आणि लिहिलंत की दोन्ही घरी थोडं थोडं नाचतात."

ग्रिहाल्वा खोलीतून बाहेर आले. अहो दोन्या, जगभर ऋतू चारच, असं काहीसं समजुतीनं म्हणाले.

"जगाला एकदा इकडे मे महिन्यात जेवायला बोलवा. आणि तुमच्या घराला चारच खुर्च्या आहेत म्हणून पाचवा माणूस उन्हात उभा ठेवता का?"

मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. जूनमधली पाखरं ही फळांवर आलेली सगळी जत्रा. ऑगस्टात पाऊस पडून जागोजाग पाणी झालेलं असतं, म्हणून तळ्यावर येतात ती फक्त आसपासच्या मेस्किट झाडांत घरटी असलेली, दुसऱ्या विणीची. जोडीतला एक पाण्यावर येतो तेव्हा दुसरा घरट्यावर बसलेला असतो. म्हणजे ऑगस्टातलं तळ्यावरचं प्रत्येक पाखरू हे मागे एक घर जोडीदारावर टाकून आलेलं पाखरू. त्याला विपुल म्हणायचं नाही.

ग्रिहाल्वा म्हणाले, यादी पर्यटकांसाठी आहे, शब्दाने कोणाचं काय बिघडतं. त्या घटकेला ते खोटं बोलत होते की त्यांनाही माहीत नव्हतं, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. नियम असा होता की यादीत ज्या हंगामात पाखरू विपुल, त्या हंगामात उद्यानाच्या कडेला शिकारीचा परवाना देता येतो. यादी जानेवारीत छापून आली. मे महिन्यात एका शिकार क्लबचा अर्ज आला आणि जुलैत मंजूर झाला. पूर्वी शिकार सोळा सप्टेंबरला सुरू व्हायची, तळ्यावर तेव्हा पितायेरा उरलेलाच नसायचा. आता एक ऑगस्टपासून, तळ्याच्या काठावर. अर्जाला पुरावा म्हणून आमच्या यादीचं पान जोडलं होतं. त्यावर माझी दुहेरी रेघ छापली नव्हती, एवढाच फरक.

१९९७ च्या ऑगस्टातले पहिले चार दिवस कचेरीत बसून बार ऐकू येत होते. सीमेपलीकडचे लोक, रंगीत खुर्च्या, थंड पेट्या. दोन्या निकोलासा पहिल्या दिवशी आपले दोन भोपळे घेऊन नेहमीच्या जागी बसल्या होत्या. क्लबच्या माणसाने त्यांना उठवलं. म्हणाला, म्हातारे, गोळी लागेल. त्या म्हणाल्या, तुमचा नेम पाहिलाय, लागली तर चुकूनच. त्यांना दंडाला धरून रस्त्यापर्यंत आणून सोडलं. हे मला रखवालदाराने सांगितलं, आणि हसत सांगितलं.

पाचव्या दिवशी अकराच्या सुमाराला त्या कचेरीत आल्या. ग्रिहाल्वांच्या खोलीत क्लबचा माणूस कॉफी पीत होता. मी परवान्याच्या पावत्या घेऊन उभा होतो. त्यांच्या डोक्यावर पितायांची टोपली होती, वर ओलं फडकं. टोपली त्यांनी टेबलावर ठेवली आणि फडकं काढलं. आत पितायेराची पिल्लं होती, पंख न फुटलेली, निळसर कातडीची. एकेक उचलून त्या टेबलावरच्या छापील यादीवर ठेवत गेल्या. मोठ्याने मोजत होत्या. सदतीस. त्यांतली नऊ अजून मान हलवत होती. जोडीतला एक मेला की दुसऱ्याला घरटं सोडून चाऱ्याला जावं लागतं, आणि चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात उघडं पिल्लू दुपारही काढत नाही.

"ही कुठल्या रकान्यात बसवता?" हे त्यांनी ग्रिहाल्वांना विचारलं नाही. माझ्याकडे बघून विचारलं.

ग्रिहाल्वांनी खुर्ची मागे सरकवली. म्हणाले, घरट्याला हात लावणं गुन्हा आहे दोन्या, मला दंड करावा लागेल. मग मला म्हणाले, पावती फाडा.

क्लबच्या माणसाने कप खाली ठेवला नव्हता.

मी पावती फाडली नाही. मी म्हणालो, सरासरी मी काढली, चुकीची काढली, जून आणि ऑगस्ट एकत्र करायला नको होते. ऑगस्टचे आठशे ऐंशी म्हणजे फक्त नेहमीचा. परवाना बसतच नाही.

"छापलेलं आता कोण बदलणार?" ग्रिहाल्वा म्हणाले.

अठरा वर्षं मी त्या माणसासमोर आणि त्याच्या आधीच्यांसमोर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी काय बोललो ते इथे लिहीत नाही, कारण ते कागदावर ठेवण्याजोगं नव्हतं. बोलून पिल्लं वाचली नाहीत. ती नऊ दोन्या निकोलासा परत टोपलीत घालून घेऊन गेल्या. संध्याकाळपर्यंत सात गेली. दोन त्यांनी मक्याचं भिजवलेलं पीठ भरवून जगवली, ती सप्टेंबरात उडाली.

मी वरच्या खात्याला पत्र लिहिलं, दोन्ही महिन्यांचे आकडे वेगळे करून, चूक माझी असल्याचं नमूद करून. उत्तर चौदा महिन्यांनी आलं. तक्त्याचा नमुना देशभर एकच आहे, पाचवा रकाना घालता येणार नाही, हवी तर तळटीप द्यावी. तोवर दुसरा ऑगस्ट उलटून गेला होता. तळटीप दिली. ती पुढच्या आवृत्तीत जागेअभावी गळली. तिसऱ्या ऑगस्टनंतर क्लब आपणहून निघून गेला, कारण मारायला पुरेसं काही उरलं नव्हतं. १९९९ च्या जूनमध्ये दोन्या निकोलासांचा आकडा होता १,३१०. ग्रिहाल्वांना बढती मिळाली. निरोपाच्या जेवणाला मी गेलो नाही. यादीत पितायेरा आजही उन्हाळ्यात विपुल आहे. नवा परवाना कोणी मागितला तर पान जोडायला तयार आहे.

दोन्या निकोलासा आता बहात्तर वर्षांच्या आहेत. गुडघे गेले आहेत, पण मे-जूनमध्ये त्या अजून तळ्यावर बसतात. मी त्यांना मोटारीने सोडतो. भोपळे तेच आहेत. परवाच्या जूनचा आकडा १,९४० होता. मी उगाच आनंद दाखवला तर म्हणाल्या, दाणे मोजा, टाळ्या नको.

पहिल्या वर्षीच्या जूनमधल्या त्या सतरा दिवसांचे पैसे मी एकदा खिशातून द्यायला गेलो होतो. त्यांनी नोटांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुमचे नकोत. कचेरीचे हवेत, व्हाउचरवर. त्यावर कशाबद्दल म्हणून लिहावं लागेल ना? तिथं कोरडा हंगाम असं लिहून सही घ्या. एकदा ते लिहिलं की पुढच्या वेळी म्हणता येणार नाही त्यांना की तो नसतोच."

मी आतापर्यंत सहा वेळा ते व्हाउचर बनवून पाठवलं. सहाही वेळा ते एकाच शेऱ्याने परत आलं: असा हंगाम मंजूर यादीत नाही. पुढच्या मार्चमध्ये मी निवृत्त होतो. सातवं कालच टपालात टाकलं.

१९९६ च्या कोरड्या हंगामातल्या सतरा दिवसांच्या मोजणीचे, दिवसाला बावीस प्रमाणे, ३७४ पेसो निकोलासा सेलाया यांना कचेरीकडून अजून देणे आहेत.